स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल अचूक कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशाला परवडेल अशी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली, चार दिवस चालवली आणि आता ती आणखी अचूक मारावी असं वाटायला लागलं, तर हे पान तुमच्यासाठी आहे. प्रश्न साधारण त्याच क्रमाने लावलेत ज्या क्रमाने वेळ आणि पैसा खर्च करावा. इथे सांगितलेलं प्रत्येक काम मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करूनच सुरू करायचं. काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

स्वस्त रायफल मुळात अचूक असू शकते का?

असू शकते, आणि बऱ्याचदा असतेच. बॅरलमधल्या पिळाच्या खाचा पाडायच्या बटन किंवा कोल्ड हॅमर फोर्जिंगच्या पद्धती स्वस्त आणि महाग दोन्ही रायफलींना वापरल्या जातात. १९५८ साली निकोलस ब्रूअरने आखलेली सॅव्हेज ११० बाजारात आली. पुढे तिच्या बॅरल नटची युक्ती स्वस्त रायफलींच्या कामी आली. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसासाठी उरणारी जागा, या नटमुळे गेज लावून पटकन जुळवता येते आणि कारागिराचे तास वाचतात.

कंपनी काटकसर करते ती स्टॉक (रायफल धरायचा लाकडी किंवा प्लास्टिकचा सांगाडा), ट्रिगर, मॅगझिन आणि पॉलिशमध्ये. आपलं नशीब एवढंच की यातल्या पहिल्या दोन गोष्टी मालकाला स्वतः सुधारता येतात.

एक एमओए म्हणजे नक्की किती?

एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटीमीटर भरतो, २०० वर ५.८, ३०० वर ८.७. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा घोळका, मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर घ्यायचं. कॅलिपर बाहेरच्या कडांवर लावला तर आलेल्या मापातून गोळीचा व्यास वजा करायचा.

माझी रायफल तीन गोळ्यांत अर्धा एमओए देते. म्हणजे ती तेवढी चांगली आहे ना?

कदाचित असेल, पण तीन गोळ्यांवरून ते ठरत नाही. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक रायफलचा आपला एक पसारा असतो आणि गोळ्या त्या पसाऱ्यात कुठेही पडतात. तीनच गोळ्या झाडल्या तर तिन्ही योगायोगाने जवळ पडायची शक्यता बरीच असते. तीच रायफल, तेच काडतूस, तोच नेमबाज ठेवून दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुपची सरासरी तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सुमारे १.६ पट निघते. पाच गोळ्यांना साधारण १.३ पट. यात रायफलीचं काही बिघडलेलं नसतं. आकडेशास्त्राचा हा साधा नियम आहे. त्यातही माणूस पाकिटात जपून ठेवतो तो सगळ्यात सुंदर ग्रुप, आणि बाकीचे कागद रेंजवरच्या कचऱ्यात जातात.

याचा थेट परिणाम खिशावर होतो. नवा स्टॉक बसवला, तीन गोळ्या झाडल्या, ग्रुप लहान आला, की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात स्टॉकने काहीच केलेलं नसतं. म्हणून कशालाही हात लावण्याआधी, एकाच प्रकारच्या काडतुसांनी, दहा गोळ्यांचे निदान दोन ग्रुप घ्या. बॅरल पातळ असेल तर मध्ये थंड होऊ द्या. सलग झाडायची सक्ती नाही. कागदावर तारीख, काडतूस आणि वारा लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बदल आणि पुन्हा तीच चाचणी. दोन बदल एकदम केले तर कुणी काय केलं ते कळायला मार्ग नाही.

आणि हो, ‘ती एक गोळी माझ्यामुळे गेली’ म्हणून बाजूला काढायची असेल, तर तसं भोक बघायच्या आधी म्हणायला हवं.

सगळ्यात आधी कशाला हात लावावा?

स्क्रूंना. अचानक ‘बिघडलेल्या’ रायफलींपैकी किती तरी स्क्रू आवळल्यावर सुधारतात. त्यासाठी टॉर्क ड्रायव्हर हवा. हाताच्या अंदाजाने एकदा कमी आणि एकदा जास्त आवळलं जातं.

अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो रिसीव्हर आणि त्याची यंत्रणा) स्टॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या स्क्रूंना, ॲल्युमिनियमची चॅसी (स्टॉकऐवजी बसणारा धातूचा सांगाडा) किंवा पिलर (स्क्रूभोवतीच्या धातूच्या नळ्या) असतील तर साधारण ७ न्यूटन-मीटर, आणि नुसत्या प्लास्टिकच्या स्टॉकला ४ च्या आसपास. स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) रिंगांना १.७ ते २.३ पुरतात, त्यापुढे आवळलं तर स्कोपची नळी चिमटते. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. आवळण्यापूर्वी सगळे स्क्रू सैल करून रायफल बटावर, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकावर, उभी करा आणि हलकेच टेकवा, म्हणजे रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकवर देणारा रिसीव्हरखालचा खुंट) मागे सरकून आपल्या जागी नीट बसतो. मग आधी पुढचा स्क्रू, नंतर मागचा.

स्कोपचा बेस वेगळा काढून बघा. पुढचा स्क्रू किंचित लांब असला तर तो आत बॅरलच्या आट्यांवर टेकतो. ड्रायव्हरला लागतं की घट्ट झालं, पण बेस मात्र खाली हलतच असतो. अशी रायफल पुढे कितीही सुधारा, गोळ्या गावभर फिरणार. स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसा, निळं थ्रेडलॉकर थेंबभर लावा आणि बसवा.

काडतूस बदलून खरंच एवढा फरक पडतो?

खर्च आणि फायदा यांचा हिशोब मांडला तर दुसऱ्या कशानेच एवढा पडत नाही. एका डब्याने अडीच एमओए देणारी रायफल दुसऱ्याने सव्वा देते, हे नेहमीचं आहे.

कारण बॅरलच्या पिळात आहे. पिळाचा वेग १:९ असा लिहितात, म्हणजे गोळी नऊ इंचांत एक फेरा पूर्ण करते. गोळी जितकी लांब तितका तिला वेगाचा पीळ लागतो. अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये यासाठी सूत्र मांडलं आणि कच्च्या अंदाजाला ते आजही वापरतात. .२२३ रेमिंग्टनचंच घ्या. १:१२ पिळाची बॅरल ५५ ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या नीट फिरवते, १:९ साधारण ६९ ग्रेनपर्यंत जाते, आणि ७७ ग्रेनची लांब गोळी हवी असेल तर १:८ किंवा १:७ लागतो. डब्यावर वजन लिहिलेलं असतं, पण निर्णय लांबी करते. शिशाशिवाय निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनात जास्त लांब असते, त्यामुळे तिला वेगळं जोखावं लागतं. कागदावर गोल भोकाऐवजी आडवं, चावीच्या भोकासारखं भोक दिसलं तर गोळी कोलांट्या खात येतेय. ते काडतूस त्या बॅरलचं नाही.

तर मग तीन-चार वेगवेगळ्या वजनांचे आणि बनावटींचे डबे आणा. काडतूस बदललं की पहिल्या काही गोळ्या हिशोबात धरू नका, बॅरल नव्या गोळीला सरावायला तेवढा वेळ घेते. जे जमलं त्याचा लॉट नंबर टिपून ठेवा आणि शक्य असेल तर त्याच लॉटचे आणखी डबे घ्या. .२२ रिमफायरमध्ये (ज्यात पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) तर एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये ढळढळीत फरक सापडतो.

घरी काडतुसं भरली तर?

जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे लोक भरतात, आणि बॅरलला हवं ते नेमकं देता येतं हे खरं. पण भरणं हा स्वतंत्र छंद आहे. त्याचा खर्च, शिस्त आणि धोका वेगळा. वेगातला चढउतार १०० मीटरवर कागदावर फारसा उमटत नाही, तो ३०० च्या पुढे उभ्या रेषेत पसरलेला दिसतो. तुम्ही शंभरावरच खेळत असाल तर आधी बाकीची कामं उरका. भरायचंच असेल तर छापील लोड डेटाच्या खालच्या टोकापासून सुरुवात, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नाही.

प्लास्टिकचा स्टॉक खरंच एवढा वाईट असतो का?

वाईट म्हणण्यापेक्षा लवचीक असतो. साच्यात ओतलेल्या स्टॉकचा पुढचा भाग आतून पोकळ असतो. त्याला बायपॉड लावून पुढे रेटलं, किंवा पट्टा हातावर गुंडाळून ताणलं, की तो वाकतो आणि बॅरलला टेकतो. टेकला की बॅरलचं कंपन दर गोळीला वेगळं, आणि ग्रुप एका बाजूला ओढला जातो.

तपासायला एक नोट पुरे. ती बॅरल आणि स्टॉकच्या फटीत घालून रिसीव्हरपर्यंत सरकवा. अडली तर तिथे स्पर्श आहे. नोट मोकळी सरकली तरी चाचणी संपली नाही: रायफल नेहमी जशी टेकवता तशी टेकवा, पुढचा भाग मुठीत दाबा आणि पुन्हा सरकवून बघा. या दुसऱ्या वेळी बरेच स्टॉक नापास होतात.

उपाय सोपा आहे. जाड पाइपाच्या तुकड्याला किंवा गोल दांड्याला सॅंडपेपर गुंडाळून खाच रुंद करत जा, सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर मोकळं होईपर्यंत. लाकडी स्टॉक असेल तर उघडं पडलेलं लाकूड लगेच सील करा, नाहीतर ओल पिऊन ते पुन्हा फुगेल. पोकळ भागात कार्बन फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या ठेवून त्यावर इपॉक्सी ओतली की तो ताठ होतो. कमी खर्चातलं हे माझं सगळ्यात आवडतं काम.

एक सावधगिरी. काही कंपन्या स्टॉकच्या टोकाशी मुद्दाम उंचवटा ठेवतात, बॅरलला ठरावीक दाब मिळावा म्हणून. तो एकदा घासला की परत येत नाही. म्हणून आधी रिसीव्हरच्या पुढच्या बाजूखाली खेळायच्या पत्त्याची पातळ पट्टी ठेवून बॅरल तात्पुरती उचला आणि ग्रुप घ्या. सुधारणा दिसली तरच घासा.

बेडिंग करावं का? घरी जमतं का?

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये बिनताणाची बसावी म्हणून मधली जागा इपॉक्सीने भरणं. आधी ते लागतंय का ते बघा. रायफल उभी धरा, एक बोट बॅरल आणि स्टॉकच्या टोकाच्या सांध्यावर ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल-घट्ट करा. बोटाखाली बॅरल वर-खाली सरकल्याचं जाणवलं तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ताण घेऊन बसलीय. डायल गेज असेल तर ०.०५ मिमीच्या आत हालचाल चालते. ज्या रायफलींच्या स्टॉकमध्ये मुळातच धातूचे व्ही-आकाराचे ठोकळे बसवलेले असतात, उदाहरणार्थ रूगर अमेरिकन, त्यांना सहसा याची गरज पडत नाही.

घरी जमतं, पण घाईने नाही. स्टॉकमध्ये रिकॉइल लगच्या आजूबाजूचं आणि मागच्या टँगखालचं (टँग म्हणजे रिसीव्हरची मागची शेपटी) दोन-तीन मिलिमीटर साहित्य कोरून काढायचं. अ‍ॅक्शनची सगळी भोकं आणि खाचा मॉडेलिंग क्लेने बुजवायच्या. हे राहिलं तर इपॉक्सी आत शिरून कुलूप लागतं आणि मग रायफल स्टॉकमधून निघता निघत नाही. लगच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि तळाला टेप लावा म्हणजे पक्का टेकाव फक्त मागच्या पृष्ठाला मिळेल. रिलीज एजंट किंवा बुटांचं मेणाचं पॉलिश दोन थरांत, जिथे इपॉक्सी पोचेल असं वाटत नाही तिथेसुद्धा. स्क्रू आवळून बसवू नका; अ‍ॅक्शन आपल्या वजनाने, बिनताणाची बसली पाहिजे. बाहेर आलेली इपॉक्सी ओली असतानाच पुसा.

स्वस्त प्लास्टिकला इपॉक्सी नीट चिकटत नाही, हा यातला खरा अडथळा. कोरलेली जागा खरखरीत करा आणि बारीक ड्रिलने तिरकी भोकं पाडा. इपॉक्सी त्यांत उतरून मुळ्या धरते.

एवढं करण्यापेक्षा सरळ ॲल्युमिनियम चॅसी घेतली तर?

हात घाण करायचे नसतील तर छान पर्याय. ताठ असते, बेडिंग लागत नाही, गालाची उंची आणि बटाची लांबी जुळवता येते. पण वजन वाढतं. बाकावरून मारणाऱ्याला ते फायद्याचं, डोंगर चढणाऱ्याला नाही.

ट्रिगर हलका केल्याने अचूकता वाढते का?

रायफलची वाढत नाही, तुमची वाढते. तीन किलोची रायफल आणि ट्रिगर ओढायलाही तीन किलो जोर लागत असेल, तर शेवटच्या क्षणी नेम हलणारच. ट्रिगर एक ते दीड किलोच्या आसपास आणि सरपट न जाता एकदम तुटणारा असला की बहुतेकांचे ग्रुप लहान होतात. सॅव्हेजने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मधल्या पातीचा अ‍ॅक्युट्रिगर आणल्यावर स्वस्त रायफलींमध्येही जुळवता येणारे ट्रिगर येऊ लागले. तुमच्यात तशी सोय असेल तर पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्या. नसेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला तयार ट्रिगर बसवा.

सियरच्या (फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या भागाच्या) पृष्ठभागावर दगड घासू नका, आणि आहे ती स्प्रिंग कापून आखूड तर अजिबात करू नका. ट्रिगरच्या बाबतीत किती थोडक्याने बिघडतं याचं उदाहरण जगजाहीर आहे. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टनने एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या, कारण जुळणी करताना वापरलेला चिकट द्राव जास्त झाल्याने ट्रिगर न ओढता गोळी सुटायची शक्यता होती. कारखान्यात हे होतं, तर घरच्या टेबलावर काय होईल!

ट्रिगरला हात लावल्यावर प्रत्येक वेळी ही तपासणी करा: रिकामी रायफल कॉक करा, बोल्ट जोरात आपटून बंद करा, बट रबरी चटईवर वेगवेगळ्या कोनांतून आपटा, सेफ्टी लावून ट्रिगर ओढा आणि मग ट्रिगर सोडून सेफ्टी काढा. यात एकदाही फायरिंग पिन सुटली तर रायफल थेट गनस्मिथकडे.

स्कोपवर किती खर्च करावा?

रायफलीइतकाही झाला तरी गैर नाही. मात्र आहे तो स्कोप आधी तपासा. रायफल पिशव्यांवर पक्की बसवा, हात न लावता फक्त डोकं वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकताना दिसली तर तो पॅरॅलॅक्स. स्थिर पॅरॅलॅक्सचे स्कोप बहुधा १०० यार्डांना जुळवलेले असतात, रिमफायरचे ५० ला. दुसऱ्या अंतरावर डोळा दरवेळी त्याच जागी आणणं हाच उपाय.

दुसरी तपासणी क्लिकची. १०० मीटरवर लंबकाने आखलेली उभी रेघ ठेवा, रायफल घट्ट बांधा आणि पाव एमओएचे १२० क्लिक वर जा. क्रॉसहेअर ८७ सेंटीमीटर सरकली पाहिजे आणि तेवढेच क्लिक उलट फिरवल्यावर मूळ ठिपक्यावर परत आली पाहिजे. परत येत नसेल तर रायफलीला दोष देऊ नका.

बॅरलचं तोंड आणि साफसफाई?

बॅरलचं तोंड, म्हणजे क्राउन, गोळीला शेवटचं शिवतं. तिथे बारीकसा टवका असला तरी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढोसतो. कापसाची काडी आतून बाहेर ओढत गोल फिरवा. धागे कुठे अडकले तर तिथे कोर आहे. गनस्मिथ क्राउन नव्याने कापून देतो, काम छोटं असतं.

साफ करताना रॉड चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड लावून. तोंडाकडून घातलेला रॉड क्राउन झिजवतो. दर वेळी धातू चकाकेपर्यंत घासायची गरज नाही. बऱ्याच बॅरल काही गोळ्यांनंतरच स्थिर होतात. ग्रुप पसरायला लागले की तांबं आणि कार्बन दोन्हींचं सॉल्व्हंट वापरून पूर्ण साफ करा.

चौथी-पाचवी गोळी नेहमी भरकटते. का?

बॅरल पातळ असेल आणि तापली असेल. तिच्यातला ताण उष्णतेने मोकळा होतो आणि तोंड किंचित वळतं. शिवाय स्कोपसमोर गरम हवा थरथरते ती वेगळीच. हाताला चटका बसण्याइतकी तापायच्या आत थांबा. भरकटायची दिशा दरवेळी एकच असेल तर फोरएंडचा, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागाचा, स्पर्श पुन्हा तपासा.

बॅरल बदलणं कधी परवडतं?

बाकी सगळं करूनही रायफल दीड-दोन एमओएवरच अडली असेल, किंवा जुन्या बॅरलचा घसा (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) झिजला असेल तेव्हा. बॅरल नटवाल्या रायफलींत हे काम सोपं, पण गो आणि नो-गो गेज (हेडस्पेस तपासायची मापं) नसताना हात घालायचा नाही: बोल्ट गोवर बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. हेडस्पेस चुकला तर काडतुसाची केस फाटू शकते आणि समोर तुमचा चेहरा असतो. अनेक देशांत बॅरल आणि बोल्ट हे स्वतंत्र परवान्याचे भाग धरले जातात, त्यामुळे मागवण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी वाचा.

बोल्ट लग लॅपिंग, क्रायो, फ्लूटिंग?

लॅपिंगने, म्हणजे बोल्टचे लग घासून जुळवल्याने, हेडस्पेस बदलतो, ते गनस्मिथवर सोडा. क्रायो (बॅरल अतिथंड करणं) आणि फ्लूटिंग (बॅरलवर बाहेरून खाचा पाडणं) यांचे पैसे काडतुसांत घाला.

मझल ब्रेक?

बॅरलच्या तोंडावर बसवायचा हा भाग धक्का कमी करतो, म्हणून दचकणं कमी होतं. आवाज मात्र नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानांवर जास्त आदळतो. बऱ्याच रेंजवर शेजारी नाराज होतात.

दोष माझा की रायफलचा, कसं कळेल?

मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये मधेच, तुम्हाला न कळता, एक डमी काडतूस भरायचं. डमीवर ट्रिगर ओढताच बॅरलचं तोंड खाली आपटलं तर दोष कुणाचा ते तिथेच दिसतं. यावर औषध म्हणजे घरी ड्राय फायर: रिकामी रायफल, सुरक्षित दिशा, भिंतीवर ठिपका, आणि क्लिकनंतरही क्रॉसहेअर तिथेच राहील असा सराव. रिमफायर असेल तर पुस्तिका बघून स्नॅप कॅप वापरा.

बाकावर पुढची पिशवी फोरएंडखाली, बॅरलखाली कधीच नाही. मागची पिशवी बटाखाली, आणि उंची ती पिशवी मुठीत दाबून जुळवायची. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून हटली असेल तर हातांनी ओढून आणू नका, अंग आणि पिशव्या सरकवा.

कुठे थांबायचं?

कामापुरतं झालं की. जिथे शिकारीला परवानगी आहे तिथे दीड एमओएची रायफल २०० मीटरवर नऊ सेंटीमीटरच्या आत मारते, आणि हरणाच्या छातीतलं मर्मस्थान याच्या जवळजवळ दुप्पट असतं. कागदावर गुणांसाठी मारत असाल तर दहा गोळ्यांत एक एमओए ही स्वस्त रायफलीची चांगली मजल आहे. त्यापुढचा प्रत्येक दशांश फार महाग पडतो. तिथे दुसरी रायफल घेणं बहुधा शहाणपणाचं.

काढलेले मूळ भाग ठेवावेत का?

ठेवा, सगळे. नवा ट्रिगर आवडला नाही, चॅसी जड वाटली किंवा रायफल विकायची झाली तर मूळ भाग लागतात, आणि काही कंपन्यांची वॉरंटी बदललेल्या ट्रिगरवर लागू होत नाही. स्टॉक आणि ट्रिगर वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर मॉडेल लिहा. अ‍ॅक्शन स्क्रूंना पुढचा-मागचा अशी चिठ्ठी लावा. दोन्हींची लांबी बऱ्याचदा वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकून पुढे बसला तर बोल्टच्या वाटेत येतो.